रेकॉर्डिंगला उत्तर द्या! ऑडिओ कोर्सवरून परभाषा शिकताना काय करावे, काय टाळावे

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला १० हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे, असं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा कामांची नावं पुढे आली आणि जर्मन ही फक्त पुण्याच्या पोरांनी शिकायची भाषा राहिली नाही. पण जर्मन शिकवणारं ग्योथे इन्स्टिट्यूटचं मॅक्स म्युलर भवन पुण्यात आणि मुंबईत, परदेशी भाषांसाठी नावाजलेलं रानडे इन्स्टिट्यूटही पुण्यात. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाहून किंवा जळगाव जामोदहून रोज संध्याकाळच्या क्लासला कोण जाणार? हाताशी उरतो फोन आणि त्यातला ऑडिओ कोर्स.

हा मार्ग कमी दर्जाचा समजायचं कारण नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनी रोबोटिक्सच्या ओढीनं जपानी निवडली आणि शिकवायला कोणी नसताना इंटरनेटवरचे व्हिडिओ व भाषांतराची अ‍ॅप्स यांच्या जोरावर सुरुवात केली. २०२०मध्ये त्यांची बातमी देशभर झाली, मग ऑनलाइन शिकवणारे जाणकारही मिळाले. त्या मुलांकडे मात्र एक सोय होती, जी एकट्या शिकणाऱ्याकडे नसते. शेजारी बसून बोलायला दुसरं पोर होतं. खालच्या बहुतेक सूचना ती उणीव भरून काढण्यासाठी आहेत.

काय करावे

मोठ्यानं बोला. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. ऑडिओ कोर्स हा नावानं कानाचा, पण खरा तोंडाचा आहे. चांगल्या कोर्समध्ये निवेदक विचारतो, ‘स्टेशन कुठं आहे, हे कसं विचाराल?’ आणि काही सेकंद गप्प बसतो. ती शांतता तुमच्यासाठी सोडलेली असते. त्या वेळात उत्तर ओठांबाहेर पडलं पाहिजे, चुकलं तरी चालेल. नंतर येणारं बरोबर उत्तर आपल्या चुकीवर आदळतं, आणि तेव्हाच ते डोक्यात बसतं. मनातल्या मनात म्हटलेलं उत्तर नेहमीच बरोबर वाटतं, तिथंच फसगत होते.

अडचण घरची असते. खोलीत एकटा पोरगा जर्मन बडबडायला लागला की बाहेरून आवाज येतोच, ‘कोनासंग बोलून रायला बे?’ पहिले आठ-पंधरा दिवस हसू होणार, ते धरून चाला. गच्ची, मळा, बंद पडलेली दालमिल, जिथं लाज वाटत नाही अशी जागा शोधा. फोन कानाला लावून बोललात तर रस्त्यावरच्या कोणाला काही वेगळं वाटत नाही.

कोर्सचा स्वभाव ओळखून निवडा. पिम्स्लरच्या कोर्समध्ये अर्ध्या अर्ध्या तासाचे पाठ असतात, शब्द थोडे, उजळणी भरपूर. पैसे मोजावे लागतात, पण एकट्यानं बोलायला लावण्यात त्याची पद्धत जुनी आणि पक्की आहे. मिशेल थॉमसच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन विद्यार्थी शिक्षकासमोर बसून शिकतात, चुकतात, आणि तुम्ही तिसरे. वहीत काही लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, वाक्य कसं बांधायचं ते समजून घ्यायचं. त्याच वळणाचा ‘लँग्वेज ट्रान्सफर’ हा कोर्स फुकट आहे आणि त्यात जर्मन आहे.

डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेनं ग्योथे इन्स्टिट्यूटबरोबर केलेली ‘रेडिओ डी’ ही श्रुतिका नवशिक्यांसाठी आहे. पाउला आणि फिलिप हे दोन पत्रकार भानगडींचा माग काढत फिरतात, एकूण ५२ भाग, तेही फुकट. गोष्ट ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही बरी. मात्र ती बोलायला कमी लावते, म्हणून प्रत्येक भागातली चार-पाच वाक्यं थांबवून थांबवून स्वतः म्हणा.

निवेदनाची भाषा आधी तपासा. हा मुद्दा पुण्याच्या सल्लागारांना सुचत नाही. बहुतेक कोर्स इंग्रजीतून शिकवतात. मेहकरच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला आधी भराभर बोललेली इंग्रजी सूचना कळायला हवी, मग त्यातली जपानी. एका वेळी दोन भाषा झेपत नाहीत आणि मुलगी समजते, आपल्यालाच जपानी जमत नाही. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची ‘ईझी जॅपनीज’ ही ४८ पाठांची मालिका हिंदी निवेदनासह मिळते. पाठ छोटे आहेत आणि फुकट आहेत. इंग्रजी कच्चं असेल तर तिथून सुरुवात करा.

मराठीला कामाला लावा. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेल्या कोर्समध्ये ज्या गोष्टी अवघड म्हणून दहा मिनिटं समजावतात, त्यातल्या कितीतरी तुम्हाला आईच्या मांडीवर मिळालेल्या आहेत. निवेदक घाबरवत असेल तेव्हा थांबा आणि मराठीत विचार करा.

जपानीत क्रियापद शेवटी येतं. आपलंही येतं. ‘कोरे वा होन् देस् का’ आणि ‘हे पुस्तक आहे का’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा, प्रश्नाचा ‘का’सुद्धा त्याच जागी बसलेला दिसेल. ‘पुण्याहून’मधला ‘हून’ आपण नामाच्या मागं लावतो, जपानी माणूसही ‘कारा’ मागंच लावतो.

जर्मनमध्ये ‘मला थंडी वाजते’ म्हणायला ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणतात, म्हणजे तिथंही ‘मी’ नाही, ‘मला’. ‘ते मला आवडतं’ हे ‘दास गेफेल्ट मिर’. इंग्रजीवरून गेलात तर ‘इख बिन काल्ट’ तोंडातून येईल आणि समोरचा समजेल, हा स्वतःला थंड काळजाचा म्हणवतोय. आकड्यांत तर गंमतच आहे. एकवीस, चोवीस, अठ्ठावीस म्हणताना आपण एकक आधी आणि दशक नंतर म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतो. इंग्रजांना हे उलटं वाटतं, आपल्याला वाटायचं कारण नाही. तीन लिंगंही आपल्याकडे आहेत. फक्त कुठल्या नामाला कुठलं, हे मराठीवरून ठरवू नका. तिकडे सूर्य स्त्रीलिंगी आहे.

कुठले आवाज आपले, कुठले परके, ते वेगळे काढा. ‘चूल’मधला च आणि ‘चिंच’मधला च आपण वेगवेगळे काढतो. हिंदीवाल्यांना हा फरक कळत नाही. जपानीत ‘त्सु’ हा चुलीचा आणि ‘चि’ हा चिंचेचा, जवळपास तसाच. जर्मनचा ‘झेड’ अक्षरानं लिहिलेला आवाजही चुलीच्याच घरातला. पक्का, कच्चा, गल्ली अशी जोडव्यंजनं आपण दाबून म्हणतो, त्यामुळे जपानीतले ‘किते’ आणि ‘कित्ते’ आपल्या कानाला लगेच वेगळे लागतात.

अडतं ते ऱ्हस्व-दीर्घाशी. बोलताना आपण इ-ई, उ-ऊ एकच करून टाकतो, वऱ्हाडात तर जास्तच. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे काकूच्या वयाची बाई, आणि ‘बा’ दुप्पट लांबवला की आजी. चाळिशीतल्या बाईला आजी म्हणाल तर प्रकरण तिथंच संपेल. जर्मनचा ‘ऊ’वर दोन टिंबं दिलेला स्वर आपल्याकडे नाहीच. ओठ ‘ऊ’चे करा, जीभ ‘ई’ची ठेवा, आणि आरशासमोर करा. हे आवाज रोज पाच मिनिटं वेगळे घोका, वाक्यांबरोबर आपोआप सुधारतील असं समजू नका.

स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. फोनमध्ये रेकॉर्डर असतोच. कोर्सचं एक वाक्य, त्याच्या मागोमाग तुमचं. ऐकताना लाज वाटेल, पण चूक सांगायला दुसरं कोणी नाही.

उजळणीचं अंतर वाढवत न्या. पॉल पिम्स्लर या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९६७मध्ये एक वेळापत्रक मांडलं. नवा शब्द ऐकल्यावर ५ सेकंदांनी परत आठवा, मग २५ सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. नेमके आकडे पाळायची गरज नाही. विसरायच्या बेतात असताना आठवायचं, हे त्यातलं मर्म. पहिल्या काही टप्प्यांची काळजी रेकॉर्डिंग घेतं. पाचव्या आणि पंचविसाव्या दिवसाची तुम्हालाच घ्यावी लागते, आणि लोक नेमके तिथं गळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाठाचा आकडा लिहून ठेवा, दुधाचा हिशोब लिहितो तसा.

हंगाम बघून वेळ बांधा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रोज तासभर शिकीन, असा संकल्प घरी शेती असलेल्यानं करू नये. तेव्हा दहा मिनिटं फक्त उजळणी. नवे पाठ उन्हाळ्यात घ्या.

हिशोबही करून ठेवा. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं जर्मनच्या पहिल्या पायरीला, म्हणजे ए-१ला, ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. रोज अर्धा तास खरोखर बोललात तर सहा महिन्यांत सुमारे ९० तास होतात, म्हणजे १२० तासिका. ए-१ आवाक्यात आहे. बी-१ला तोच अंदाज ३५० ते ६५० तासिकांवर जातो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांना जपानीसाठी २,२०० तास धरते, तेही पूर्णवेळ वर्गात. आपल्याला वाक्यरचनेचा फायदा आहे, कांजी लिपीचा नाही.

पाठ डाउनलोड करून ठेवा. बुलढाण्याहून मलकापूरला एसटीनं निघालात की राजूर घाटाच्या वळणांत रेंजचा भरवसा नसतो, आणि नेमका प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे आवाज तुटतो. घरी वायफाय किंवा रात्रीचा उरलेला डेटा वापरून आठवड्याचे पाठ भरून घ्या. एसटीत मोठ्यानं बोलता येत नसेल तर तो वेळ जुने पाठ ऐकायला ठेवा.

आपली वाक्यं आपण बनवून घ्या. कोर्समध्ये विमानतळ असतो, हॉटेल असतं, वाइन असते. लोणारच्या विवराकाठी पर्यटकांना फिरवणाऱ्या तरुणाला हवं असतं ते वेगळंच. हे विवर उल्कापातानं झालं, ते बेसॉल्ट खडकात आहे, पाणी खारट आहे, इथं पाय घसरतो, जपून. हे कुठल्याच कोर्सच्या पहिल्या ५० पाठांत नाही. अशी वीस-पंचवीस वाक्यं भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून मागा, आणि तो आपला पाठ समजून घोका. परिचारिकेनं ‘कुठं दुखतंय’, ‘श्वास घ्या’, ‘सुई टोचतेय, हलू नका’ यांचं असंच करावं.

काय टाळावे

कामं करता करता नुसतं वाजत ठेवणं. भांडी घासताना, कपाशी वेचताना जर्मन कानावर पडत राहिली की शिकणं होतं, हा गोड गैरसमज आहे. लय ओळखीची होते, बोलता काही येत नाही. झोपेत ऐकून भाषा येते असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर एक मिनिटही घालवू नका.

दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवणं. घाटात तर नाहीच. रब्बीत रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं, जागलीवर बसावं लागतं. तो एकांत शिकायला चांगला असतो खरा, पण एक कान मोकळा ठेवा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास अस्वल आणि बिबट्या आहेत, रानडुकरं तर सगळीकडे. २०१९च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला वाघसुद्धा चालत चालत ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. फोनचा स्पीकर लावा, जनावरांनाही कळेल माणूस आहे.

आधी लिखित पाठ बघणं. डोळ्यानं इंग्रजी अक्षरं पाहिली की जीभ इंग्रजी वळणावर जाते. जर्मनमध्ये ‘डब्ल्यू’चा उच्चार आपल्या ‘व’च्या जवळचा आहे आणि ‘व्ही’ अक्षर बहुधा ‘फ’सारखं उच्चारतात. आधी ऐकलेल्याला यात गोंधळ होत नाही. आधी वाचलेल्याला महिनाभर होतो. दोन-तीनदा ऐकून, बोलून झाल्यावरच कागद उघडा.

सगळं देवनागरीत उतरवून ठेवणं. जपानीत पहिले काही दिवस चालेल, कारण आवाज बऱ्यापैकी बसतात. पण ४६ हिरागाना अक्षरं महिनाभरात होतात, मग ही कुबडी कशाला? आणि घाबरू नका, त्या अक्षरांचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना असा जातो. बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून तो आला आहे, आपल्याला परका वाटतच नाही. जर्मन मात्र देवनागरीत लिहिलीत की दोन टिंबांचे स्वर पहिल्याच दिवशी मरतात.

पाठ शंभर टक्के येईपर्यंत अडून बसणं. पिम्स्लरच्या कोर्समध्येच सांगितलेलं आहे, साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यायला लागली की पुढे जा. राहिलेलं पुढच्या पाठांत परत येतं. पाठांतराच्या शाळेत वाढलेल्या आपल्या मुलांना हे पटत नाही. ती पाचव्या पाठावर तीन आठवडे घालवतात आणि कंटाळून सोडून देतात.

एकदम तीन-चार कोर्स उतरवणं. फोन भरतो, बाकी काही होत नाही.

‘३० दिवसांत फाडफाड’ या जाहिरातींना भुलणं. हे दुकान नवं नाही. लिंग्वाफोन कंपनी १९०१मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा मेणाच्या नळकांड्यांवर भाषेचे पाठ विकले जात. आपल्याकडे रॅपिडेक्सच्या जाडजूड पुस्तकासोबत कॅसेट यायची. पुस्तकं अनेक घरांत होती, कॅसेट बहुतेकांनी पहिल्या बाजूपुढे ऐकली नाही. साधन वाईट नव्हतं. आज अ‍ॅपचंही तेच होतं, फक्त धूळ दिसत नाही.

फक्त ऑडिओच्या बळावर परीक्षेचा फॉर्म भरणं. ग्योथेच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात बोलण्याची परीक्षा नसतेच. म्हणजे वर्षभर तोंड चालवणाऱ्याला तिथं वाचनावर आणि कांजीवर अडवतात. कुशल कामगारांच्या जपानी व्हिसासाठी जेएलपीटीची एन-४ पायरी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते, जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२पर्यंत जावं लागतं. ऑडिओ तुम्हाला पहिल्या पायरीवर, फार तर दुसरीवर, भक्कम उभं करेल. पुढं पुस्तक हवं, ऑनलाइन का होईना शिक्षक हवा.

जर्मनच्या तोंडी परीक्षेआधी निदान पंधरा दिवस जिवंत माणसाशी बोला. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी ठरल्या वेळी थांबतं, परीक्षक मधेच वेगळं काही विचारतो. शेगाव किंवा मलकापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला जाणार असाल तर त्या रात्री नवा पाठ उघडू नका, झोपा.

भाषेच्या क्लासच्या नावाखाली नोकरीचे पैसे भरणं. कोर्स वेगळा, परीक्षा वेगळी, नोकरी वेगळी. ‘जर्मन आम्हीच शिकवतो, सर्टिफिकेट आम्हीच देतो, तिकडची नोकरी पक्की’ असं एकाच टेबलावर सांगणाऱ्याकडे परदेशात माणसं पाठवण्याची सरकारी नोंदणी आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. तो देतो ते सर्टिफिकेट दूतावास मानतो का, तेही दूतावासाच्याच संकेतस्थळावर बघा, त्याच्या माहितीपत्रकात नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर तो विषय बदलत असेल, तर पावती न मागता उठून या.